आधी महिना, मग दिशा, मग रस्ता : भारतात सायकलने लांबची भ्रमंती आखताना

खावड्याहून धोलावीऱ्याकडे जाणारा रस्ता कच्छच्या रणातून सुमारे ३० किमी जवळजवळ सरळ रेषेत जातो. जानेवारीतल्या सकाळी तेथे दोन्ही बाजूंना पांढरे मीठ, मध्येच उथळ पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी आणि अंगाला सोसेल असे ऊन असते. मे महिन्यात त्याच जागी सावलीचा एक ठिपकाही सापडत नाही आणि बाटलीतले पाणी तासाभरात पिण्याजोगे राहत नाही. रस्ता तोच, डांबर तेच, अंतरही तेच. तरी पहिला प्रवास आयुष्यभर आठवतो आणि दुसरा अर्ध्यावर सोडावा लागतो. म्हणून आपल्या देशात सायकलभ्रमंती आखताना प्रसिद्ध रस्त्यांच्या याद्यांपासून सुरुवात करू नये. आपल्याला रजा कोणत्या महिन्यात मिळते हे आधी पाहावे, त्या महिन्यात वारा कोणीकडून वाहतो आणि चढ कोणत्या बाजूने सोपा पडतो यावरून दिशा ठरवावी, आणि रस्ता सर्वांत शेवटी निवडावा.

महिना

नैर्ऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जूनच्या सुमारास केरळात दाखल होतो, सप्टेंबरच्या मध्यानंतर वायव्येकडून माघार घेऊ लागतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशाच्या बहुतेक भागातून जातो. या साडेचार महिन्यांत सायकलस्वारासाठी दोनच मोठे प्रदेश खऱ्या अर्थाने खुले असतात : लडाख आणि स्पिती. हिमालयाच्या मुख्य रांगेच्या पलीकडे पावसाचे ढग फारसे पोचत नाहीत आणि उंच खिंडींवरचा बर्फही याच काळात हटलेला असतो, हा योग मोठा सोयीचा आहे. मात्र तेथवर नेणारे रस्ते पावसाच्याच पट्ट्यातून जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौर किंवा कुल्लूच्या बाजूला दरडी कोसळतात; त्यामुळे शक्य असेल तर जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर धरावा. सप्टेंबर मला अधिक पसंत आहे, कारण आकाश स्वच्छ असते आणि बर्फ वितळून वाहणारे ओढे ओसरलेले असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा कुमाऊँ आणि गढवालचा काळ. अल्मोडा, कौसानी, मुनस्यारी या पट्ट्यात पावसाने धुतलेल्या हवेत हिमशिखरे दिवसभर दिसतात, आणि उन्हाळ्यातल्या यात्रेची वाहनांची गर्दीही सरलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कोकण, कच्छ, राजस्थान, मध्य भारत, मेघालय आणि आसाम हे सारे खुले असते. उत्तरेच्या गंगा-यमुनेच्या मैदानात मात्र डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत दाट धुके पडते. सकाळी दहापर्यंत समोरचा ट्रक दिसत नाही अशा रस्त्यावर सायकल चालवण्यात शौर्य नाही, केवळ धोका आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्याचे गणित आणखी वेगळे. तेथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळेही बहुधा याच सुमारास येतात. त्यामुळे तो किनारा जानेवारी-फेब्रुवारीसाठी राखून ठेवावा. मार्चनंतर मैदाने तापू लागतात आणि एप्रिल-मेमध्ये हिमालयाच्या मधल्या उंचीवरच्या रस्त्यांखेरीज लांब पल्ल्यासाठी फारसे काही सुचवता येत नाही.

महिन्याबरोबर दिवसाची लांबीही पाहावी लागते. संपूर्ण देशाचे घड्याळ एकच असल्याने डिसेंबरात आसाम-अरुणाचलात साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो, तर कच्छमध्ये सकाळी सात वाजून गेले तरी सूर्य उगवलेला नसतो. ईशान्येत सकाळी सहाला निघून दुपारी तीनला मुक्काम गाठायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. पश्चिमेच्या सवयीने नऊला निघणारा माणूस तेथे रोज अंधारात सापडतो.

दिशा

चढ नकाशावर दिसतो, वारा दिसत नाही. म्हणून नवखे लोक चढाला घाबरतात आणि वाऱ्याचा विचारच करत नाहीत. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपण ताशी २० किमी वेगाने जात असताना समोरून तेवढ्याच वेगाने वारा आला, तर शांत हवेतल्या विरोधाच्या चौपट विरोध सहन करावा लागतो. चढ संपतो आणि उताराने परतफेड करतो. समोरचा वारा दिवसभर तसाच राहतो आणि परत काहीही देत नाही.

हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून वाहतो. म्हणून चेन्नईहून निघून महाबलिपुरम, पुदुच्चेरी, चिदंबरम, नागपट्टिनम, तोंडी या क्रमाने रामेश्वरम आणि धनुष्कोडीकडे दक्षिणेला जाणाऱ्याला तो बराच काळ पाठीशी मिळतो, आणि उलट जाणाऱ्याचा तोच जीव नकोसा करून सोडतो. पश्चिम किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून येणारा वारा वायव्येकडे झुकलेला असतो, त्यामुळे कोकणही उत्तरेकडून दक्षिणेकडेच करावे. दोन जागा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पालघाटची खिंड ही सह्याद्रीच्या भिंतीतली रुंद फट असल्याने वारा तिच्यातून नरसाळ्यातून यावा तसा येतो : हिवाळ्यात पूर्वेकडून, पावसाळ्यात पश्चिमेकडून. दुसरी जागा कन्याकुमारीच्या अलीकडची, आरलवायमोळीजवळची मुप्पंदल. काश्मीर ते कन्याकुमारी करणारे अनेक जण चार हजार किमीच्या आसपास सायकल चालवून येतात आणि शेवटच्या दिवशी, मुक्काम हाताशी आलेला असताना, येथे पवनचक्क्यांच्या रांगांमध्ये सायकलवरून उतरून ती ढकलतात. जेथे हजारो पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत तेथे वारा असणारच, ही गोष्ट नकाशाकडे पाहताना मात्र कोणालाच सुचत नाही.

अंतर नव्हे, चढ मोजावा

सामान लादलेल्या सायकलवर सपाट रस्त्याने दिवसाला ८० ते १०० किमी होतात, हे बहुतेकांना ठाऊक असते, आणि त्याच आकड्याने घाटाचे टप्पे आखले की फजिती होते. एक साधा हिशेब उपयोगी पडतो : प्रत्येक १०० मीटर चढ म्हणजे सपाटीचे जादा चार किमी. ६५ किमी अंतर आणि १,००० मीटर चढ असा टप्पा असेल, तर तो १०५ किमीचा आहे असे समजून निघावे.

चढ इतका महाग का पडतो, ते गिअरच्या हिशेबात दिसते. पुढे, पेडलजवळ, २४ दात्यांचे आणि मागच्या चाकावर ३४ दात्यांचे चक्र असेल, तर चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरता पेडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटरच्या आसपास पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले, तर वेग ताशी साधारण ५.३ किमी होतो, आणि सहा टक्के चढावर तासाला ३२० मीटर उंची गाठता येते. स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन १०० किलो असेल, तर यासाठी साधारण १०० वॅट शक्ती लागते, जी सराव असलेला माणूस तासन्‌तास देऊ शकतो. आता पुढचे चक्र ३४ दात्यांचे आणि मागचे मोठ्यात मोठे २८ दात्यांचे असेल, तर त्याच फेऱ्यांना वेग ताशी नऊ किमीच्या वर जातो आणि लागणारी शक्ती १७० वॅटच्या घरात पोचते. एवढी शक्ती फार वेळ टिकत नाही. फेरे मंदावतात, गुडघ्यावर जोर येतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलू लागतो. म्हणून घाटाची भ्रमंती ठरवली की नवी सायकल घेण्याआधी आहे त्या सायकलचे सर्वांत हलके गिअर मोजावे. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागले असता उत्तर एकापेक्षा बरेच कमी यायला हवे.

चढाचे आलेख देणारी ॲप्स आता अनेक आहेत आणि ती जरूर वापरावीत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. अरुंद दऱ्यांत आणि बोगद्यांच्या जागी उपग्रहाच्या उंचीचे आकडे चुकतात. रस्ता कड्याच्या पोटातून जात असतो आणि आलेख मात्र कड्याच्या माथ्याची उंची दाखवतो. आलेखात एखाद्या ठिकाणी २० टक्क्यांचा सुळका दिसला, तर घाबरण्यापूर्वी उपग्रहचित्रात रस्ता पाहावा. हा गोंधळ फलकांवरही असतो. लेहजवळच्या खारदुंग ला खिंडीवर १८,३८० फुटांचा फलक वर्षानुवर्षे लोकांच्या छायाचित्रांत झळकला, पण आधुनिक मोजणीत तिची उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर भरते. चढणाऱ्याचा दम त्यामुळे कमी लागतो असे नाही.

कोकणचा किनारा

पहिल्याच लांब भ्रमंतीसाठी एक मार्ग सुचवायचा झाला, तर मी अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा सुचवीन. मुक्कामाची गावे जवळ जवळ आहेत, वाहतूक मुंबई–गोवा महामार्गाच्या मानाने कितीतरी विरळ आहे आणि थकवा आला तर पूर्वेकडे वळून रेल्वे गाठता येते. मात्र किनारा म्हणजे सपाट रस्ता, ही समजूत घरीच ठेवून यावे.

कोकणचा किनारा खाड्यांनी कापलेला आहे आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट माथ्याचे पठार, असतो. खाडी समुद्रसपाटीला आणि सडा शंभर-दीडशे मीटर उंचीवर, त्यामुळे रस्ता दिवसभर एकच खेळ करतो : खाडीवरून सड्यावर, सड्यावरून खाली वाडीत, वाडीतून पुन्हा सड्यावर. यातला एकही चढ घाट म्हणावा इतका लांब नाही, परंतु पुष्कळ चढ तीव्र आहेत आणि संध्याकाळी बेरीज केली की आठशे-हजार मीटर सहज भरतात. म्हणून येथे दिवसाला ६० ते ७० किमीच धरावेत आणि पूर्ण किनाऱ्याला आठ-नऊ दिवस द्यावेत.

खाड्या ओलांडण्याची पद्धत ही या मार्गाची खरी गंमत आहे. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी वाहने नेणाऱ्या फेरीबोटी चालतात. बोटीचा पुढचा लोखंडी फळा साखळ्यांच्या खडखडाटात जेट्टीच्या उतारावर टेकतो, आधी पलीकडून आलेल्या गाड्या बाहेर पडतात आणि मग आपल्याला आत घेतात. येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. जेट्टीचा उतार भरतीच्या पाण्याने शेवाळलेला असतो, त्यावर ब्रेक लावून सायकल चालवत जाऊ नये, उतरून चालत जावे. आणि बोटीत सायकल मोटारींच्या मध्ये नव्हे, तर कठड्याला टेकवून पट्ट्याने बांधावी. पलीकडे उतरताच चढ सुरू होतो, तोही बसून थंड झालेल्या पायांनी चढायचा असतो, म्हणून बोटीत असतानाच साखळी सर्वांत हलक्या गिअरवर आणून ठेवावी. दाभोळला हे विसरलो आणि धोपाव्याच्या पहिल्याच वळणावर, मागून येणाऱ्या मोटारींच्या डोळ्यांदेखत, मला पाय टेकावा लागला होता. फेऱ्यांच्या वेळा ऋतूनुसार बदलतात आणि खाड्यांवर पुलांची कामेही हाती घेतली जात आहेत, त्यामुळे आदल्या मुक्कामी चौकशी करून निघावे. बोट चुकली की खाडीला वळसा घालण्यात जवळपास एक दिवस जातो.

मुरूडच्या पुढे दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा पट्टा, नंतर केळशी, आंजर्ले, हर्णै, त्यानंतर गुहागर, गणपतीपुळे, पावस आणि शेवटी विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण असा क्रम लागतो. यातला जयगड ते गणपतीपुळे हा तुकडा थोडका आहे, पण सड्यावरून एकाएकी समुद्र दिसण्याचे क्षण येथे सर्वाधिक येतात. घाई असेल तर दुसरीकडे करावी.

लडाख : कोणत्या बाजूने शिरावे

मनालीहून लेहला सायकलने जाणे ही अनेकांची पहिली महत्त्वाकांक्षा असते. माझा सल्ला उलटा आहे : श्रीनगरहून लेहला जावे आणि परतताना लेहहून मनालीकडे यावे. कारण शरीराच्या सवयीत आहे. लेहच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच्या आसपास असतो आणि ५,००० मीटरच्या वर तो जेमतेम निम्मा उरतो. वैद्यकीय नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.

मनालीच्या बाजूने हा नियम पाळणे कठीण आहे. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आहे. तेथून बारालाचा ला ही ४,८९० मीटरच्या आसपासची खिंड ओलांडून सरचूला उतरले, तरी झोपायची जागा ४,२०० मीटरच्या वर असते. एका रात्रीत हजार मीटरची उडी, तीही दिवसभराच्या श्रमानंतर. सरचूच्या तंबूंत रात्री डोके धरून बसलेली माणसे दिसतात ती बहुतेक याच हिशेबाची बळी असतात. श्रीनगरच्या बाजूने मात्र उंची टप्प्याटप्प्याने मिळते : श्रीनगर १,६०० मीटरच्या खाली, सोनमर्ग सुमारे २,७००, ३,५२८ मीटरची झोजी ला ओलांडून द्रास ३,३०० च्या आत, मग कारगिल पुन्हा २,७०० च्या आसपास आणि त्यानंतर ४,१०८ मीटरची फोटू ला पार करण्याआधी मुलबेखला एक मुक्काम. सुमारे ४२० किमीच्या या रस्त्यावर सर्वांत उंच जागा फोटू ला हीच आहे आणि तेथे रात्र काढावी लागत नाही. झोजी लाच्या कच्च्या, धुळीच्या रस्त्यावर वाहने कोणत्या वेळी कोणत्या बाजूने सोडतात याची चौकशी सोनमर्गला आदल्या संध्याकाळी करावी.

लेहला दोन-तीन दिवस थांबून मग दक्षिणेचा रस्ता धरला, की तंगलंग ला चढताना शरीर तयार झालेले असते. ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिच्या पलीकडे मोरेचे मैदान येते, सुमारे ४० किमी लांब आणि ४,६०० मीटरच्या वर, ज्यावर सकाळी सायकल पाण्यावरून सरकावी तशी चालते आणि दुपारनंतर वारा सुटला की तीच जागा संपत नाही. त्यामुळे मैदान सकाळीच पार करण्याच्या हिशेबाने आदला मुक्काम ठरवावा. पांगच्या पुढे दोन खिंडी ओलांडल्यावर गाटाची २१ वळणे या दिशेने उतरायला मिळतात, चढणाऱ्यांचे चेहरे पाहत. मनालीच्या अलीकडे २०२० मध्ये सुरू झालेल्या ९.०२ किमीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगच्या जुन्या रस्त्यावरची अवजड वाहतूक कमी झाली आहे. अंगात ताकद उरली असेल तर ३,९७८ मीटरची ती खिंड चढूनच यावे, कारण एरवी गाड्यांच्या धुरात हरवणारा तो घाट आता सायकलस्वाराला पाहता येतो.

डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर त्या दिवशी पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे दिसली तर मिळेल त्या वाहनाने, रात्र असली तरी, ताबडतोब खाली उतरावे. येथे जिद्दीचा काहीही उपयोग होत नाही.

स्पितीलाही हाच न्याय लागतो. शिमल्याहून रामपूर, किन्नौर, नाको, ताबो, काझा असे शिरावे आणि ४,५९० मीटरच्या आसपासची कुंझुम खिंड ओलांडून मनालीकडे बाहेर पडावे. बातल ते छत्रू या तुकड्यात रस्त्यावरून ओढे वाहतात, आणि हिमनद्यांचे पाणी दिवसाच्या उन्हाने वितळत असल्यामुळे दुपारी त्यांची पातळी वाढते. सकाळी घोट्यापर्यंत असलेले पाणी दुपारी चारला गुडघ्यापर्यंत येते. पादत्राणे काढून, सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून, सकाळीच ओलांडावे.

दक्षिणेचे घाट आणि जंगलाचे रस्ते

तामिळनाडूत आळियार धरणाजवळून वाल्पाराईला चढणाऱ्या रस्त्याला ४० हेअरपिन वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी आहे. चढणाऱ्यासाठी ही पाटी मोठा आधार ठरते, कारण किती उरले हे नेमके कळते. वळणाच्या बाहेरच्या कडेने चढावे, तेथे चढ सौम्य असतो, मात्र वरून वाहन येत नाही याची खात्री करूनच. मसिनगुडीहून उटीला जाणारा कल्हट्टीचा घाट ३६ वळणांचा आणि त्याहून कितीतरी तीव्र आहे. सामान लादलेल्या सायकलने तो चढण्यात पुरुषार्थ शोधण्यापेक्षा गुडलूर, पैकारा असा लांबचा रस्ता घ्यावा. २,२४० मीटरवरच्या उटीला दोन्हीकडून पोचता येते.

म्हैसूरकडून उटीला येताना त्याआधी बंदीपूर आणि मुदुमलाईचे जंगल लागते. येथे रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते आणि दिवसाही सायकलस्वाराला वनखात्याच्या चौकीवर अडवले जाऊ शकते. वाद घालू नये. हत्ती मोटारीपेक्षा सायकलला अधिक जवळ येऊ देतो, कारण तिचा आवाज होत नाही, आणि अंतर कमी राहिल्यावर दोघेही दचकतात. तेवढा पट्टा टेम्पोत सायकल टाकून पार करणे हेच शहाणपणाचे.

उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. रिमवर चालणारे ब्रेक असतील तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. वळणापूर्वी जोरात ब्रेक लावून वेग कमी करावा, वळणात ब्रेक सोडावेत, आणि लांब उतारावर मध्ये थांबून रिमजवळ हात नेऊन उष्णता पाहावी.

ईशान्य

मेघालयात शिलाँग ते सोहरा (चेरापुंजी) हे अंतर पन्नास-साठ किमीचे आहे आणि पठाराच्या काठाने जाणारा हा रस्ता ऑक्टोबरनंतर अत्यंत देखणा असतो. डावकीकडे जाण्याचा मोह मात्र हिशेबाने करावा. शिलाँग १,५०० मीटरच्या आसपास आणि डावकी जवळजवळ मैदानाच्या पातळीला असल्याने जाताना मिळालेला सगळा उतार उसना असतो आणि परतताना तो व्याजासह फेडावा लागतो. एक वेळचा प्रवास वाहनाने करण्याची सोय आधी पाहावी. आसामात जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरीबोटीने माजुलीला जाऊन बेटावर दोन दिवस नुसते फिरणे, हा देशातला सर्वांत निवांत सायकलप्रवास म्हणता येईल, कारण तेथे चढ जवळजवळ नाहीच. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या राज्यांत जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही इनर लाइन परमिट, म्हणजे प्रवेशाचा सरकारी परवाना, लागते. ते निघण्यापूर्वीच काढावे आणि त्याच्या दोन-तीन छापील प्रती जवळ ठेवाव्यात, कारण तपासणी नाक्यावर मोबाइलला रेंज असेलच असे नाही.

सायकल आणि तिची ने-आण

बारीक टायरची शर्यतीची सायकल या रस्त्यांवर निरुपयोगी आहे. ३५ ते ४५ मिमी रुंदीचे टायर असावेत. सुट्या भागांत लोक ट्यूब घेतात आणि आरे विसरतात. सामानाचे वजन मागच्या चाकावर येत असल्याने आरा तुटतो तो बहुधा मागचा, आणि तोही चेनच्या बाजूचा, जो कॅसेट (मागच्या चाकावरचा दात्यांच्या चक्रांचा संच) काढल्याशिवाय बदलता येत नाही. त्यामुळे योग्य लांबीचे चार आरे फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवावेत आणि कॅसेट काढण्याचे हत्यारही न्यावे. पाना कोणाकडेही मिळतो, ते हत्यार लहान गावात मिळत नाही. तीच गोष्ट ट्यूबच्या बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हची. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही, म्हणून पितळी ॲडॉप्टर व्हॉल्व्हवरच चढवून ठेवावा. खिशात ठेवलेला ॲडॉप्टर गरजेच्या वेळी सापडत नाही.

सुरुवातीच्या गावापर्यंत सायकल नेण्यासाठी रेल्वे हा अजूनही सर्वांत सोयीचा मार्ग आहे, फक्त ‘लगेज’ आणि ‘पार्सल’ यांतला फरक समजून घ्यावा. आपल्या तिकिटावर लगेज म्हणून नोंदवलेली सायकल आपल्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, येते. पार्सल म्हणून दिलेली सायकल जागा मिळेल त्या गाडीने येते आणि आपण तिची वाट पाहत दोन दिवस बसू शकतो. पॅनिअर (चाकाच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या), पंप, दिवे, वेग-अंतराचा मीटर आणि बाटल्या काढून आपल्याजवळ घ्याव्यात, पेडल काढावीत किंवा आत वळवावीत, मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) पुठ्ठ्याने गुंडाळावा आणि हँडलवर व सीटच्या नळीवर नाव, गाडीचा क्रमांक आणि उतरण्याचे स्थानक मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी बांधावी. गाडी सुटण्यापूर्वी सायकल खरोखर चढली आहे हे स्वतः पाहावे. उतरण्याचे स्थानक मधले असेल तर आधीच्या थांब्यालाच ब्रेक व्हॅनच्या बाजूच्या डब्यात जाऊन उभे राहावे, कारण दोन मिनिटांच्या थांब्यात फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सामान घेऊन धावता येत नाही आणि खाली न उतरलेली सायकल पुढच्या जंक्शनला निघून गेलेली असते.